छोट्या प्रसूतिगृहात पीपीएच (प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव): रक्त मोजायचं कशात, आणि हालचाल ३०० मिलीला करायची की ५०० ला?

घोडबंदर_आरएमओ

कासारवडवलीकडचं १२ खाटांचं प्रसूतिगृह. महिन्याला ४० च्या आसपास प्रसूती, निम्म्या नॉर्मल. रात्री एक आरएमओ (निवासी डॉक्टर), दोन सिस्टर, एक मावशी. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम वीस मिनिटांवर, भूलतज्ज्ञ फोनवर, रक्तपेढी आवारात नाही.

रजिस्टरमधला रक्तस्रावाचा रकाना बघितला तर प्रत्येक नॉर्मलला २०० किंवा २५० मिली. म्हणजे कोणीच मोजत नाही, सवयीने आकडा टाकला जातो. हे बदलायचं ठरलंय. विचारायचं ते असं:

खुणा असलेला तयार ड्रेप, म्हणजे बाईखाली रक्त गोळा करणारी प्लास्टिकची पिशवी, प्रत्येक बाईला वापरणं परवडत नाही. जाड पारदर्शक प्लास्टिकचा घरी शिवून चालेल का? गर्भजल आणि बीटाडीनचं पाणी त्यात मिसळतं, त्याचं काय करायचं? नव्या मार्गदर्शनात ३०० मिलीचा उल्लेख आहे, तर मग निम्म्या बायकांना ट्रॅनेक्सा (रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड) द्यावं लागेल का? आणि औषधांचा क्रम नेमका काय? सध्या ज्याच्या हाताला जे लागेल ते दिलं जातं.

पार्टोग्राफ

रकाना बघितलात, तिथूनच सुरुवात करायला हवी होती. डोळ्यांच्या अंदाजात एक ठरलेली खोट असते: थोडं रक्त जास्त वाटतं, जास्त रक्त कमी वाटतं. आणि जीव जातो तो दुसऱ्या चुकीने.

आधी ३०० विरुद्ध ५००. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फिगो (स्त्रीरोगतज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि सुईणींच्या आंतरराष्ट्रीय महासंघासोबत जे एकत्रित मार्गदर्शन काढलं, त्यात नॉर्मल प्रसूतीसाठी दोन दारं आहेत. मोजलेलं रक्त ५०० मिली झालं की उपचार सुरू, बाकी काही बघायचं नाही. ३०० मिली झालं आणि सोबत एक जरी खूण बिघडली, म्हणजे नाडी १०० च्या वर, वरचं प्रेशर १०० च्या खाली, खालचं ६० च्या खाली किंवा शॉक इंडेक्स (नाडी भागिले वरचं प्रेशर) १ च्या वर, तरीही सुरू. नुसत्या ३०० ला ट्रॅनेक्सा नाही. नुसत्या ३०० ला फक्त एवढंच: सिस्टर बाईपाशी उभी राहते, नाडी आणि प्रेशर लगेच घेते, पिशवी, म्हणजे गर्भाशय, पोटावरून हाताने बघते. 'निम्म्या बायकांना' ही भीती सोडा.

याच्या मागे ई-मोटिव्ह चाचणी आहे. २०२३ साली निकाल आला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं, दोन लाखांहून जास्त नॉर्मल प्रसूती. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्याने मृत्यू, हे सगळं मिळून नेहमीच्या पद्धतीत ४.३ टक्के आणि नव्या पद्धतीत, म्हणजे खुणांचा ड्रेप आणि सगळे उपचार एकदम, १.६ टक्के. त्यातली एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. तुलनेच्या रुग्णालयांतही ड्रेप होता, पण त्यावर खुणा नव्हत्या. रक्त गोळा होत होतं, वजनही होत होतं, पण बाईजवळ उभ्या असलेल्या माणसाला आकडा दिसत नव्हता. तिथे पीपीएच वेळेत ओळखला गेला ५१ टक्के वेळा, खुणांच्या ड्रेपसह ९३ टक्के वेळा. तेव्हा घरचा ड्रेप चालेल, पण खुणा हव्यातच.

आता क्रम. खरं तर याला क्रम म्हणूच नका. एकामागून एक, प्रत्येकाचा परिणाम बघत थांबायचं, ही जुनी रीत. सगळं एकदम सुरू होऊन १५ मिनिटांत पूर्ण व्हायला हवं.

पिशवी चोळायची ती आवळेपर्यंत किंवा एक मिनिट. दहा मिनिटं चोळत बसणारा माणूस म्हणजे दुसऱ्या कामाला एक हात कमी. पिशवी आवळणारं ऑक्सिटोसिन १० युनिट २०० ते ५०० मिली सलाइनमध्ये दहा मिनिटांत, त्यानंतर २० युनिट एक लिटरमध्ये चार तास. आपल्याकडचं अँप्युल बहुधा ५ युनिटचं असतं, म्हणजे दोन आणि मग चार. घाईत एकच फोडून '१० दिलं' असं लिहिलं जातं. चार तासांची ड्रिप म्हणजे ताशी २५० मिली, २० थेंबांच्या सेटला मिनिटाला साधारण ८३ थेंब. ट्रॅनेक्सा १ ग्रॅम शिरेतून दहा मिनिटांत. आणि तपासणी: मूत्राशय रिकामं करा, गुठळ्या काढा, वार पुन्हा उलटून बघा, स्पेक्युलम लावून ग्रीवा (गर्भाशयाचं तोंड) आणि योनीच्या भिंती चांगल्या उजेडात बघा. पिशवी दगडासारखी घट्ट आणि रक्त वाहतंय, तर फाटलंय. तिथे कार्बोप्रोस्टचे (हेही पिशवी आवळणारं औषध) चार डोस देऊन उपयोग नाही, टाका घालावा लागतो.

एवढ्याने थांबलं नाही तर दुसरी फळी. मिथाइलअर्गोमेट्रिन ०.२ मिलिग्रॅम स्नायूत, पण प्रेशर वाढलेलं असेल किंवा हृदयविकार असेल तर अजिबात नाही. कार्बोप्रोस्ट २५० मायक्रोग्रॅम स्नायूत, गरजेप्रमाणे १५ मिनिटांनी पुन्हा, एकूण आठ डोसांच्या वर नाही. दमेकरी बाईला नाही आणि शिरेतून तर कधीच नाही. मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम जिभेखाली, म्हणजे २०० च्या चार गोळ्या. त्यानंतर हुडहुडी भरून ताप येतो, तो जंतुसंसर्ग समजू नका. मॅडमना फोन मात्र दुसऱ्या फळीच्या वेळी नाही, पहिल्या मिनिटाला.

रात्रपाळी_सिस्टर

ड्रेपचं मी सांगते, कारण कागदावर सोपं दिसतं आणि टेबलावर गोंधळ होतो.

घरी शिवायचा तर वरचा भाग बाईच्या कमरेखाली सरकेल एवढा रुंद, खाली निमुळती पिशवी, शिवण आतून दुहेरी आणि वरून प्लास्टिक टेप. शिवणीतून गळलं तर आकडा खोटा. खुणा पट्टीने मोजून काढायच्या नाहीत. ड्रेप टेबलाला जसा लटकतो तसाच लटकवायचा, मोजपात्राने ३०० मिली पाणी ओतून पर्मनंट मार्करने पिवळी रेघ, मग एकूण ५०० झालं की लाल, १००० ला काळी. प्रत्येक ड्रेपला वेगळं पाणी ओतून बघा. एकाची नक्कल दुसऱ्यावर केली की शिवणीच्या फरकाने चुकते. सपाट खाटेवर ड्रेपची पिशवी लटकत नाही, आडवी पसरते, तिथे रेघांना अर्थ नाही.

ड्रेप लावायची वेळ: बाळ बाहेर आलं, नाळ आवळली, गर्भजल वाहून गेलं, मग बाईच्या कमरेखाली सरकवायचा. आधीपासून लावला तर जल आणि कधी लघवी मिळून पिवळी रेघ रक्ताआधीच ओलांडते, आणि दोन-तीनदा तसं झालं की स्टाफचा विश्वासच उडतो. वार वेगळ्या ट्रेमध्ये घ्या. टाके घालताना बीटाडीनने धुवायचं तर वाटी खाली धरा, नाहीतर जेवढं ओतलं तेवढं वजा करा.

टाक्यांचे मॉप ड्रेपमध्ये टाकायचे नाहीत. ते वेगळ्या पिशवीत जमवून स्वयंपाकघरातल्या ५ किलोच्या डिजिटल काट्यावर ठेवायचे. कोरं वजन आधी काढून भिंतीवर चिकटवा. समजा कोरा मॉप २५ ग्रॅम, चार वापरले, भिजलेल्यांचं वजन ४६० ग्रॅम. ४६० वजा १०० म्हणजे ३६० मिली, कारण १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. मापाशिवायच्या अंदाजासाठी ४५ सेंटिमीटरचा मोठा मॉप पूर्ण भिजला तर ३५० मिली आणि १० सेंटिमीटरचा छोटा स्वॅब ६० मिली धरतात. पण मॉपची जाडी दुकानागणिक बदलते, तेव्हा काटाच बरा. वजन झालं की मॉप पिवळ्या पिशवीत, ड्रेपचं प्लास्टिक लाल पिशवीत. आधी पिशवीत टाकून मग 'वजन करायचं राहिलं' हे नेहमीचं.

पहिला तास दर १५ मिनिटांनी पाच गोष्टी: ड्रेपमधला आकडा, धार चालू आहे का थांबलीय, पिशवीचा घट्टपणा, नाडी, प्रेशर. लेबर रूममधून बाई खोलीत गेली की ड्रेप सुटतो आणि तिथेच चुकतं. पॅडचं वजन दुसऱ्या तासातही करा. आणि 'जरा जास्त जातंय' असं आई किंवा सासूबाई म्हणाल्या तर उठून बघा. पांघरुणाखाली साचलेलं रक्त दारातून दिसत नाही.

फ्रिजचं विसरू नका. ऑक्सिटोसिन, मिथाइलअर्गोमेट्रिन आणि कार्बोप्रोस्ट तिन्ही २ ते ८ अंशात. दाराच्या कप्प्यात नको, तिथे दर वेळी गरम हवा लागते. मधल्या फळीवर, मागच्या बर्फाळ भिंतीला न चिकटता. आत थर्मामीटर, दिवसातून दोनदा नोंद. मे महिन्यात वीज गेली आणि इन्व्हर्टरवर फ्रिज नसेल तर दुपारभर अँप्युलं तापतात, आणि मग 'औषध लागू पडत नाही' म्हणून बाईच्या पिशवीला दोष. पीपीएचच्या पेटीत ही तीन ठेवायची नाहीत. पेटीवर चिठ्ठी: 'फ्रिजमधून आणा: निळा डबा'. डबा मावशींनाही ओळखता आला पाहिजे.

भूल_वाशी

वरचं बहुतेक मान्य. तीन गोष्टी भूलतज्ज्ञाच्या बाजूने.

ट्रॅनेक्साचं अँप्युल आणि पाठीत द्यायच्या बुपिव्हाकेन या भुलेच्या औषधाचं अँप्युल दिसायला सारखं असू शकतं. चुकून ट्रॅनेक्सा मणक्यात गेलं तर झटके, हृदयाची लय बिघडणं आणि अनेकदा मृत्यू. जागतिक आरोग्य संघटनेने याबद्दल स्वतंत्र इशारा दिलेला आहे. उपाय साधा आहे: ट्रॅनेक्सा भुलेच्या ट्रॉलीवर कधीच नाही. पीपीएचच्या पेटीत, वेगळ्या खोलीत, वर लाल पट्टी. ५०० मिलिग्रॅमची दोन अँप्युलं मिळून १० मिली, मिनिटाला १ मिली या वेगाने. झटक्यात ढकललं तर प्रेशर पडतं, उलटी होते. रक्त ३० मिनिटांनंतरही चालू असेल किंवा २४ तासांत पुन्हा सुरू झालं तर दुसरा १ ग्रॅम. २०१७ च्या वुमन चाचणीत २०,०६० बायका होत्या. तीन तासांच्या आत दिलेल्यांत रक्तस्रावाने मृत्यू १.७ वरून १.२ टक्क्यांवर आला, तीन तासांनंतर फायदा दिसला नाही. उशीर होईल तसा फायदा घटत जातो, दर १५ मिनिटांमागे साधारण दहा टक्के. म्हणून 'आधी ऑक्सिटोसिनचं बघू' हे वाक्य महाग पडतं. मात्र रक्तक्षयी बाईला आधीच प्रतिबंध म्हणून द्यायचं, तर वुमन-२ चाचणीत त्याने पीपीएच कमी झाला नाही. रोजच्या प्रोटोकॉलमध्ये घालू नका.

दुसरं, सलाइनमध्ये न मिसळलेलं ऑक्सिटोसिन १० युनिट झटक्यात शिरेत मारायचं नाही. रक्त गेलेल्या, विशेषतः पाठीत भूल दिलेल्या बाईचं प्रेशर त्याने आणखी कोसळतं.

तिसरं, सलाइन. तीन-चार लिटर धावतं सोडलं की मॉनिटरवरचं प्रेशर बरं दिसतं, पण रक्त पातळ होतं, गोठणारे घटक विरळ होतात, बाई गार पडते आणि गार रक्त गोठत नाही. दोन जाड सुया, हिरवी किंवा करडी. गुलाबीवर समाधान मानू नका. कोमट सलाइन एक ते दोन लिटरपर्यंत, पुढची गरज रक्ताची.

पार्टोग्राफ सर, शॉक इंडेक्सवर एक टीप जोडतो. नाडी भागिले वरचं प्रेशर; नाडी ११०, प्रेशर १०० तर १.१. ०.९ ओलांडला की मी हलवाहलवीच्या तयारीला लागतो, १ ची वाट बघत नाही. पण प्रीएक्लॅम्प्सियाच्या (गरोदरपणात प्रेशर वाढलेल्या) बाईला हा आकडा फसवतो. जिचं प्रेशर दुपारी १६० होतं तिचं रात्री ११० म्हणजे 'नॉर्मल' नव्हे, ती कोसळतेय. तसंच ४० किलोची, हिमोग्लोबिन ७ असलेली बाई ५०० मिलीपर्यंत थांबूच शकत नाही. तिची लाल रेघ आधीच ओलांडलेली समजा.

पार्टोग्राफ

बरोबर. प्रेशर आणि वजनाची नोंद प्रसूतीआधीच केसपेपरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात हवी, नाहीतर रात्री कोणाला आठवणार?

घोडबंदर_आरएमओ

धन्यवाद, ड्रेप आणि औषधांचं स्पष्ट झालं. पुढचा प्रश्न बलूनचा. कंडोम टॅम्पोनाड (गर्भाशयात सलाइनने फुगवलेला कंडोम, आतून दाबून रक्त थांबवायला) लावून इथेच वाट बघायची की निघायचं? गायमुखाच्या घाटात अवजड वाहनं अडकली की घोडबंदर रोडवर अँब्युलन्स किती वेळ उभी राहील सांगता येत नाही.

पार्टोग्राफ

निघायचं. बलून हा तुमच्यासाठी पूल आहे, मुक्काम नाही.

ही युक्ती बांगलादेशच्या सायेबा अख्तर यांनी रूढ केली आणि २००३ साली प्रसिद्ध केली. स्वस्त आहे, हाताशी आहे. पण बेनिन आणि मालीमधल्या चाचणीत बलूनने अपेक्षित फायदा दिसला नाही. त्यामुळे मागे ओटी (शस्त्रक्रियागृह), रक्त आणि देखरेख असेल तिथेच बलूनवर भिस्त ठेवावी, असं आता सांगितलं जातं. बलून बसवला म्हणून निर्धास्त होऊन दोन तास घालवले तर नुकसान बाईचं.

बसवायचा असा. १६ किंवा १८ नंबरचा फोली (लघवीची रबरी नळी), त्याच्या टोकावर कंडोम, फोलीच्या भोकांच्या खाली जाड रेशमी धाग्याने दोन ठिकाणी बांधायचा. गाठ सैल असेल तर सलाइन गळतं, फार आवळली तर फोलीची नळीच चिमटते आणि सलाइन आत जात नाही. आत घालण्याआधी ५० मिली भरून बघा, हा अर्धा मिनिट वाचवू नका. फोलीचा स्वतःचा फुगा फुगवायचा नाही. मूत्राशयात दुसरा फोली. मग गर्भाशयात सारून सलाइनच्या सेटने २५० ते ५०० मिली भरायचं, रक्त थांबलं की थांबायचं, नळी दुमडून क्लँप करायची, खाली योनीत गॉझ भरायचा म्हणजे बलून घसरत नाही. वरून पेनाने पिशवीच्या माथ्याची खूण करा. माथा खुणेच्या वर चढू लागला तर बलूनच्या मागे रक्त साचतंय. १० ते १५ मिनिटांत धार थांबली नाही तर बलून फसला, पुढे शस्त्रक्रिया. फाटलेली ग्रीवा, आत राहिलेला वारेचा तुकडा किंवा फुटलेली पिशवी असेल तर बलून लावून फक्त वेळ जातो.

निघताना: ऑक्सिटोसिनची ड्रिप चालू, ट्रॅनेक्साची वेळ चिठ्ठीवर, अंगावर ब्लँकेट, सोबत हात चालवणारी सिस्टर, नुसता ड्रायव्हर आणि नवरा नको. रक्त वाहतंच असेल तर वाटेत दोन्ही हातांनी पिशवी दाबून धरायची: एक मूठ योनीत, दुसरा हात पोटावरून. १०८ ला फोन आणि खासगी अँब्युलन्सला फोन एकाच वेळी, जी आधी येईल ती. आणि रुग्णालयाला आधी फोन. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो, वाशीचं महापालिका रुग्णालय असो किंवा नेरुळचं डी. वाय. पाटील, तीनच प्रश्न: ओटी मोकळी आहे का, रक्त आहे का, आयसीयूची खाट आहे का. ऐरोलीकडे जायचं की कळव्याकडे हे नकाशाच्या अंतरावर नाही, या तीन उत्तरांवर ठरवा. ही उत्तरं दर सोमवारी फोन करून नोंदवून ठेवली तर रात्री निम्मा वेळ वाचतो.

क्रॉसमॅच

रक्तपेढीच्या बाजूने. नातेवाईक रिकाम्या हाताने चिठ्ठी घेऊन येतात, मग नमुन्यासाठी परत जातात. ५०० मिलीची रेघ ओलांडली त्याच क्षणी एक जांभळ्या झाकणाची आणि एक साधी नळी भरून ठेवा. नळीवर नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ, सही. चिठ्ठीवरचं आणि नळीवरचं स्पेलिंग जुळलं नाही तर नमुना परत येणारच, आणि तो नियम बरोबर आहे.

पूर्ण क्रॉसमॅचला (बाईचं आणि दात्याचं रक्त जुळवून बघायला) पाऊण तास ते तास धरा. जीव धोक्यात असेल तर त्याच गटाचं रक्त त्याहून खूप आधी देता येतं, त्यासाठी डॉक्टरांनी तसं लिहून सही करावी लागते. प्लाझ्मा गोठलेला असतो, तो वितळायलाच अर्धा तास लागतो. म्हणून 'आधी दोन पिशव्या रक्त, प्लाझ्माचं नंतर बघू' असं म्हणू नका, दोन्ही एकदम मागवा. पीपीएचमध्ये सगळ्यात आधी घसरतो तो फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवणारा घटक. लिटरला २ ग्रॅमच्या खाली गेला तर प्रकरण गंभीर होणार असं समजा आणि क्रायो (फायब्रिनोजेन जास्त असलेला रक्तघटक) मागवा. ही तपासणी रात्री मिळत नसेल तर साध्या काचेच्या नळीत ५ मिली रक्त घेऊन मुठीत गरम धरा. सात-आठ मिनिटांत घट्ट गुठळी झाली नाही किंवा झालेली विरघळली, तर रक्त गोठत नाहीये. प्लास्टिकच्या नळीत हे नीट कळत नाही. चार पिशव्यांनंतर १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली हळू, हे भूलवाल्यांना माहीत असतं पण वॉर्डात राहून जातं.

रकाना_नंबर_७

मोजणी सुरू केलीत की एक गोष्ट नक्की होईल: तुमचा पीपीएचचा दर वाढेल. मालक किंवा विश्वस्त घाबरतील. आधीच सांगून ठेवा की आजार वाढलेला नाही, दिसायला लागलाय. म्हणून यशाचं माप पीपीएचचा दर ठेवू नका. ही चार मापं ठेवा: किती प्रसूतींत रक्त खरंच मोजलं; रेघ ओलांडल्यापासून ट्रॅनेक्सापर्यंत किती मिनिटं; किती जणींना सगळं १५ मिनिटांत मिळालं; किती जणी १००० मिलीच्या वर गेल्या. महिन्याला तुमच्याकडे वीसेक नॉर्मल, त्यातल्या पीपीएच मोजक्याच, तेव्हा टक्केवारीत नाचू नका. प्रत्येक केसचा एक ठिपका, आलेखाच्या कागदावर, तारखेप्रमाणे.

वेळा नंतर आठवून लिहिलेल्या सगळ्या पाचच्या पटीत असतात: ११.०५, ११.१०, ११.१५. एक जण फक्त घड्याळ आणि पेन घेऊन उभा राहिला तर खऱ्या वेळा मिळतात.

आणि हे पुढे कुठे छापायचा विचार असेल तर नैतिकता समितीची परवानगी पहिल्या नोंदीच्या आधी घ्या, वर्षभराचा डेटा जमल्यावर नाही. छोट्या प्रसूतिगृहाला स्वतःची समिती नसते. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या सहसंशोधकासोबत तिथल्या नोंदणीकृत समितीकडे जाता येतं. घरातल्या घरात सुधारणा म्हणून करायचं असेल तर उद्यापासून करा.

घोडबंदर_आरएमओ

शेवटचं: सिझेरियनला ड्रेप नाही, सगळं सक्शनच्या बाटलीत. तिथे जल आणि रक्त वेगळं कसं करायचं?

रात्रपाळी_सिस्टर

पिशवी उघडून जल ओढून घेतलं, बाळ बाहेर आलं, की वार काढायच्या आधी बाटलीचा आकडा मोठ्याने म्हणायचा आणि फळ्यावर लिहायचा. दोन बाटल्यांचं सक्शन असेल तर त्याच क्षणी दुसऱ्या बाटलीवर जा. शेवटच्या आकड्यातून तो वजा. पोट धुवायला किती सलाइन घेतलं तेही वाटीने मोजून वजा. मॉपचं वजन वरच्यासारखंच, पण ओटीत मॉप सलाइनमध्ये पिळून वापरतात, तेव्हा कोरं वजन नाही, पिळलेल्या मॉपचं वजन धरायचं. आणि शेवटी टेबलाखाली वाकून बघा. पाठीखालची चादर आणि योनीतून गेलेलं रक्त सक्शनच्या बाटलीत येत नाही.